राणीचं उत्तर

माझ्या मुलीने मरोळच्या ऑफिसातून फोनवर एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘आई, हे बघच. आम्ही इथे सगळे हसून हसून खपलोय.’ मी तेव्हा मुलुंडच्या घरी कोबी चिरत बसले होते. असले व्हिडिओ दिवसभर येत असतात आणि मी ते उघडतसुद्धा नाही. मांजर नळाचं पाणी पितं यात हसायचं काय, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. हा मात्र उघडला, कारण वरच्या चित्रात दाट झाडं दिसत होती आणि त्या झाडांत मुकुट घातलेला एक माणूस उभा होता.

काळंपांढरं, रेघा पडलेलं चित्र. मुकुटवाला राजा छाती पुढे काढून विचारतो, ‘राणी, या घोर अरण्यात तुला एकटीला टाकून मी निघून गेलो, तर तुझं कसं होईल?’ मग राणीचा चेहरा मोठा होऊन येतो. राणी दोन बोटांत पदराचं टोक धरते, मान जराशी तिरकी करते आणि हसून म्हणते, ‘फार बरं होईल, महाराज! कधीची वाट पाहते आहे मी.’ तिथे व्हिडिओ संपतो. कुणीतरी हौसेने पुढे माणसांच्या खिदळण्याचा आवाज जोडला होता.

ती राणी म्हणजे माझे बाबा. आजोबा टीव्हीवर राणी झाले होते हे मुलीने ऐकलेलं होतं, पण हीच ती राणी हे तिला कळलं नाही, कारण राणीचं हे उत्तर आमच्या घरात जवळजवळ पन्नास वर्षं दाबून ठेवलेलं होतं. दाबून ठेवणारी आई दोन वर्षांपूर्वी गेली. आणि बाबा, आता माझ्याकडेच राहणारे, त्या वेळी बाहेरच्या खोलीत खुर्ची भिंतीकडे करून बसले होते, आई गेल्यापासून बसायचे तसे. मी फोन पालथा ठेवला आणि उरलेला कोबी इतका जाड चिरला की ती भाजी कुणी खाल्ली नाही.

बाबा गिरणी कामगार. राहायला आम्ही घाटकोपरला, चाळीत. गावाकडे दशावतारात कामं केलेली बरीच माणसं तेव्हा गिरण्यांत होती आणि त्यांनी मिळून मुंबईत आपली एक कंपनी काढली होती. कुणाकडे पूजा असली, कुठल्या मंडळाचा कार्यक्रम असला की त्यांचा प्रयोग व्हायचा. बाबा त्यात बाईचं काम करायचे. आमच्यावर डोळे वटारणारा, आमटीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवणारा हा माणूस लुगडं नेसून उभा राहिला की बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या. आई म्हणायची, ‘माझ्यापेक्षा तेंकाच लुगडा बरा दिसता.’

दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना हे पटत नाही, म्हणून सांगते. तोंडाला रंग लावता लावता आजची कथा कुठली, राजा कोण, राणी कोण, राक्षस कोण, एवढं ठरतं. बाकीचं सगळं बोलणं जागच्या जागी, सुचेल तसं. समोरच्याने वाक्य टाकायचं, आपण ते झेलायचं आणि आपलं टाकायचं. एकदा टाकलेलं वाक्य पुन्हा तसंच्या तसं समोरच्यापुढे ठेवलं, तर त्याला उष्टं वाढल्यासारखं. आणि सकाळी रंग उतरवला की रात्रीचं बोलणंही गेलं. कुठल्या प्रयोगात आपण लोकांना रडवलं हे बाबांना पक्कं आठवायचं, पण काय बोलून रडवलं हे विचारलं की नुसता हात हलवायचे.

टीव्ही नवा होता तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी काहीतरी असायचं, बातम्या असायच्या, आणि मधूनच सतार, कीर्तन, लावणी, कुठल्याशा चित्रकाराशी गप्पा. लोककलांचाही एक कार्यक्रम होता. त्या कार्यक्रमाचं बोलावणं बाबांच्या कंपनीला आलं, आणि आमच्या चाळीत जणू घरातलं लग्न ठरलं.

पुढचं मी बाबांच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि इतक्या वेळा ऐकलेलं आहे की पूर्वी ते सुरू झालं की मी उठून भांडी घासायला जायची. कार्यक्रम करणारा तरुण दिग्दर्शक हौशी होता. कथेत जंगल आहे म्हटल्यावर त्याला खरं जंगल हवं झालं. मग सगळ्यांना बोरिवलीच्या जंगलात नेलं. भर उन्हात, जरीचं लुगडं, तोंडावर रंगाचा थर, घामाने भुवया ओघळतायत. बाबा म्हणायचे, देवळासमोर उभं राहून आम्ही ‘हे अरण्य’ म्हटलं की लोकांना अरण्य दिसायचं, इथे खरी झाडं होती तर आम्हालाच काही दिसेना. मुंग्या मात्र भरपूर होत्या.

कॅमेरा एकच. तो आधी राजाच्या तोंडावर लावला. बाबा कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे. राजाने विचारलं, तुला अरण्यात टाकून गेलो तर तुझं कसं होईल? बाबांनी उत्तर दिलं. काय दिलं ते त्यांना आठवत नाही. पेटीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने पेटीचा भाता ओढायचाच थांबवला, हे आठवतं. पण कॅमेरा राजावर होता.

मग जेवणं झाली. कॅमेरा फिरवून बाबांच्या तोंडासमोर आणला आणि दिग्दर्शक म्हणाला, ‘मघाशी बोललात तेच पुन्हा बोला.’

‘तेच म्हणजे?’ बाबांनी विचारलं.

‘मघाचंच. जसंच्या तसं.’

आता यात कुणाचं चुकलं ते तुम्हीच ठरवा. दिग्दर्शकाला वाटलं, आपण सोपी गोष्ट सांगितली. राजाला वाटलं, मघाचाच प्रश्न पुन्हा विचारला तर समोर एवढा मुरलेला गडी उभा आहे त्याचा अपमान होईल. त्याने प्रश्नच बदलला. ‘राणी, उद्या तुला तुझ्या माहेरी पोचवलं तर कसं होईल?’

इथवर आले की बाबा मांडीवर थाप मारायचे. ‘तेणी एकदम म्हायार काढल्यान! माका पाडूक बघी होतो. मी सोडतंय काय?’

‘मग काय उत्तर दिलंत?’ आम्ही विचारायचो.

‘ता कोणाक आठवता?’ म्हणायचे. ‘पण दिलंय. लगेच दिलंय.’

पुढे कुणीतरी राजाचा पहिला प्रश्न आणि राणीचं दुसरं उत्तर एकमेकांना जोडलं. घाईत जोडलं असेल, न ऐकता जोडलं असेल. त्या न पाहिलेल्या माणसाला मी वर्षानुवर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या आहेत.

कार्यक्रम दाखवला त्या संध्याकाळी बाबांची दुसरी पाळी होती. शूटिंगला रजा घेतली होती, पुन्हा कोण देणार? चाळीत टीव्ही एकाच घरी होता, समोरच्या काकांकडे. काका साताऱ्याकडचे, बौद्ध, ट्रॉम्ब्याला नोकरीला. काकूंनी आईला पुढे सतरंजीवर बसवलं, आज तुमचा मान म्हणून. बाकीची चाळ खोलीत, दारात, खिडकीत आणि उरलेली गॅलरीत. बाबा दिसले तेव्हा एकच गलका झाला. कुणीतरी शिट्टी मारली. माझा भाऊ तेव्हा एवढासा, त्याने लुगड्यातल्या बाबांना ओळखलंच नाही आणि ‘बाबा कुठेत?’ म्हणून भोकाड पसरलं.

मग राजाने तो प्रश्न विचारला आणि राणीने ते उत्तर दिलं.

सगळे आईकडे बघायला लागले. मीही बघितलं. आईने पदर तोंडात कोंबला होता, तिचे खांदे हलत होते, आणि मला वाटलं ती रडतेय. पण ती हसत होती. हसू आवरेना तेव्हा तिने पदर सोडून दिला आणि मोठ्याने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग काय, सगळी चाळच हसत सुटली. गॅलरीतल्या माणसांना दिसलं नव्हतं, तीसुद्धा हसली. काकूंनीच शेवटी दटावलं, ‘पुरे गं आता, त्यो माणूस तिकडं राबतोय.’

तेव्हा आईचं हसू थांबलं. ती उठली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘तेंका कोणी काय सांगू नकात.’ ती एरवी खालच्या आवाजात बोलणारी बाई. पण त्या दिवशी तिने एकेकाच्या तोंडाकडे बघून सांगितलं. राजाचं काम करणारे काका मानखुर्दला राहायचे, त्यांना दुसऱ्याच दिवशी जाऊन बजावून आली, कंपनीतल्या बाकीच्यांनाही तुम्हीच गप्प करा म्हणून. आमच्या चाळीत कुणाच्या घरी कसलं कालवण आहे हे घरात कळायच्या आधी जिन्यावर कळायचं, पण ही गोष्ट फुटली नाही. पुढे संप झाला, गिरण्या गेल्या, कंपनी मोडली, माणसं कुठे कुठे पांगली, आणि सांगणारंच कुणी उरलं नाही.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बाबांनी विचारलं होतं, ‘कसो दिसलंय?’ आईने त्यांच्याकडे न बघता बशी पुढे केली. ‘राणी दिसलात,’ म्हणाली. ‘सगळे बघीत ऱ्हवले.’ यात खोटं काहीच नव्हतं.

बाबांना तेवढं पुरलं. पुढचं सगळं आयुष्य पुरलं. गिरणी गेल्यावर त्यांनी पहारेकऱ्याचं काम केलं, अंधेरीला एका सोसायटीत गाड्या पुसल्या, आणि तिथेही लोकांना सांगितलं की मी टीव्हीवर राणी झालो होतो. ज्यांच्या गाड्या पुसायचे ते हसले तर बाबा चिडायचे नाहीत. तुम्ही बघितलं नाहीत म्हणून हसताय, म्हणायचे. घरात त्यांच्या हातात अधिकार म्हणून फारसं काही उरलं नव्हतं, पण हे होतं.

आणि आईकडे ते वाक्य होतं. बाबा कामाला निघाले, चपला घालून जिना उतरले, की आई दार लोटायची, पदराचं टोक दोन बोटांत धरायची, मान तिरकी करायची आणि आम्हा दोघांना म्हणायची, ‘फार बरं होईल, महाराज! कधीची वाट पाहते आहे मी.’ एरवी तिच्या तोंडी मालवणीच असायची. हे एवढं वाक्य ती नाटकातल्या मराठीत बोलायची, बाबांच्या आवाजात. आम्ही दोघं गादीवर लोळून हसायचो. बाबा गावी निघाले, बाबा रागावून बाहेर गेले, बाबा नुसते दूध आणायला गेले, तरी तेच. माझं लग्न झालं त्या दिवशी मी निघताना रडत होते, तर आईने माझ्या कानात तेच वाक्य म्हटलं. मांडवात मी एकदम फिस्सकन हसले आणि सासूबाईंनी ते कायमचं लक्षात ठेवलं. बाबांच्या तोंडावर मात्र ती हे कधीच बोलली नाही.

एकदाच बोलली. हॉस्पिटलात, दुपारची वेळ होती. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून काय ते सांगितलं होतं, आणि बाबांना सांगायची गरज पडली नव्हती. ते कॉटजवळ स्टुलावर बसले होते. त्यांनी आईचा हात धरला. एवढ्या वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, ‘तू गेलंस तर माझा कसा होतला गो?’

आईने डोळे उघडले. त्यांच्याकडे बघितलं. अगदी बारीक आवाजात, पण एकेक शब्द नीट लावून म्हणाली, ‘फार बरं होईल, महाराज. कधीची वाट पाहते आहे मी.’

आणि त्यांच्याकडे बघत राहिली. बाबा काही बोलले नाहीत. त्यांचा हात सैल पडलेला मला दिसला. थोड्या वेळाने आईने डोळे मिटले. त्यानंतर ती बोलली नाही.

माझ्या भावाने तेव्हा माझ्याकडे बघितलं आणि मी त्याच्याकडे. आम्हा दोघांना माहीत होतं ती काय बोलली. आम्हाला त्या क्षणी हसू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ जे आलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. पण बाबांना काय माहीत होतं? त्यांना एवढंच कळलं की आपल्या बायकोने जाताना सांगितलं, बरं होईल, मी वाटच बघत होते.

त्या दिवसापासून त्यांनी खुर्ची भिंतीकडे केली. जेवायचे, पण चार घास. टीव्हीवरच्या राणीची गोष्ट बंद झाली, आणि जिला मी इतकी वैतागायची तीच ऐकायला मिळावी असं मला वाटायला लागलं. अधूनमधून एकच विचारायचे, ‘ती असा कित्या बोलली?’ मी सांगायची, औषधांची गुंगी होती. ते मान हलवायचे. ‘गुंगीत माणूस आपल्या भाषेत बोलता. ती मराठीत बोलली. ठरवून बोलली.’ मग पुन्हा भिंतीकडे. एकदा मी त्यांच्या पाठीला तेल लावत होते तेव्हा म्हणाले, ‘मी तिका येवढो त्रास दिलंय काय?’ आता त्रास दिला नव्हता असं नाही. ताटं सरकवलीच होती. त्यामुळे मला पटकन नाही म्हणता आलं नाही, आणि त्यांनी ते ओळखलं.

खरं सांगायचं तर सगळं एका वाक्यात मिटणारं होतं. पण ते सांगायचं म्हणजे टीव्हीवर काय झालं होतं तेही सांगायचं. तुमच्या आयुष्यातल्या एकुलत्या एका मोठ्या दिवसाला चाळ हसली होती, हे सांगायचं. एक जखम झाकायला दुसरी करायची. दोन वर्षं मी इकडे की तिकडे करत राहिले, आणि मी काही कचरणारी बाई नाही. मरोळच्या एका कारखान्यात मी सुपरवायझर होते, तिथे माझ्या हाताखालच्या बायका मला लांबून बघून डोक्यावरच्या टोप्या नीट करायच्या.

व्हिडिओ आला त्या आठवड्यात भाऊ बोरिवलीहून आला. आम्ही स्वयंपाकघरात दार लावून भांडलो.

‘नाही दाखवायचं, ताई,’ तो म्हणाला. ‘वाट लागेल त्यांची. दुसरं काय आहे त्यांच्याकडे?’

‘आणि रोज कुढतायत ते? तू रविवारी येतोस रे, बघून जातोस. मी रोज बघते.’

‘मग नुसतं सांग ना, आईची ती एक जुनी मस्करी होती म्हणून.’

‘कसली मस्करी, कुठून आली, विचारतील ना ते! इतकी वर्षं माझ्यासमोर का नाही केली, विचारतील. तू देणार उत्तर?’

त्याने माझा फोन उचलला. मग म्हणाला, ‘लोकांनी नेटवर चेष्टा करून ठेवल्येय गं त्यांची. व्हिडिओखाली काय काय लिहिलंय वाचलंस?’

वाचलं होतं. आणि त्यामुळेच माझं ठरलं होतं. आज माझ्या मुलीकडे आलं ते उद्या बिल्डिंगमधल्या कुणाकडे येणार, आणि खाली बाकावर बसलेल्या बाबांना कुणीतरी परकं माणूस ते हसत हसत दाखवणार. त्यापेक्षा आम्ही दाखवलेलं बरं. भाऊ डोळे पुसत म्हणाला, ‘मग ते खिदळणं तरी काढून टाक.’ ते काम मुलीने केलं. तिला सगळं फोनवर सांगितलं. मग तिने शोधून शोधून तो अख्खा जुना कार्यक्रम मिळवला. तो फिल्मवर होता, म्हणून कुठल्यातरी डब्यात टिकला असणार. बाबांचं बोलणं एकूण तेवढंच होतं, पण आधी पेटी होती, गणपतीचं स्तवन होतं, राजाराणीचा प्रवेश होता.

रविवारी सकाळी बाबांना सांगितलं, तुमचा कार्यक्रम सापडलाय. ते खुर्चीतून वळले.

‘खरा?’

‘हो. पण बाबा, त्यात…’

त्यांनी ऐकलंच नाही. उठले, आंघोळ केली, दाढी केली, पांढरा शर्ट घातला. मुलीने फोन मोठ्या टीव्हीला जोडला. बाबा सोफ्याच्या कडेवर गुडघ्यांवर हात ठेवून बसले. भाऊ खिडकीशी उभा राहिला, रस्त्याकडे तोंड करून.

पेटीवाला दिसला तेव्हा बाबा हसले. राजा आला तेव्हा म्हणाले, ‘ह्यो बघ, मुकुट वाकडो.’ मग राजाने प्रश्न विचारला, आणि टीव्हीच्या अख्ख्या काचेवर राणीचा चेहरा आला. बाबांनी श्वास आत घेतलेला मला ऐकू आला. तो चेहरा खरंच देखणा होता. राणीने दोन बोटांत पदर धरला आणि ते वाक्य म्हटलं.

बाबा हलले नाहीत.

‘परत लाव,’ म्हणाले.

लावलं. मग पुन्हा एकदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी हात वर करून थांबवलं. ‘ह्या उत्तर त्या प्रश्नाचा न्हय,’ म्हणाले. ‘ह्या म्हायाराचा. कोणी जोडल्यान?’

‘माहीत नाही, बाबा.’

‘असाच दाखवल्यानी?’

‘हो.’

‘लोक हसले?’

मी हो म्हटलं. त्यांचा चेहरा पडला, आणि तो पडताना बघणं फार वाईट होतं. हात गुडघ्यावरून खाली आले. पांढऱ्या शर्टात ते एकदम लहान दिसायला लागले. भाऊ खिडकीतून म्हणाला, ‘मी सांगत होतो तुला.’ मी त्याला गप्प राहायला सांगितलं.

मग बाबांनी विचारलं, ‘तुझी आवस हसली?’

खोटं बोलायचं असतं तर तेव्हाच. मी म्हटलं, ‘सगळ्यात आधी आईच हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.’ आणि मग थांबले नाही. तिने चाळीची तोंडं कशी बंद केली ते सांगितलं. तुम्ही जिना उतरलात की ती दार लावून पदर कसा धरायची, मान कशी करायची, तुमचा आवाज कसा काढायची, ते सांगितलं. सांगता सांगता मी उठून करूनच दाखवलं. ओढणीचं टोक दोन बोटांत धरलं, मान तिरकी केली आणि वाक्य म्हटलं. भावाच्या तोंडून हुंदका आला की हसू, कळलं नाही. ‘रोज, बाबा,’ तो म्हणाला. ‘अगदी तुम्ही दूध आणायला गेलात तरी.’

बाबा माझ्या बोटांकडे बघत होते.

‘म्हणजे तेव्हा,’ ते हळूहळू म्हणाले, ‘हॉस्पिटलात ती माझाच वाक्य बोलली.’

‘हो.’

मला वाटलं, आता सुटले. दोन वर्षांचं ओझं उतरलं, आता हसतील, किंवा रडतील आणि मग हसतील. भावालाही तसंच वाटलं असावं, कारण तो खिडकीपासून निघून त्यांच्याजवळ येऊन बसला. पण बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते सुटकेचं नव्हतं.

‘तिणी वाक्य टाकल्यान,’ ते म्हणाले. ‘वाक्य टाकून माझ्याकडे बघीत ऱ्हवली. माझ्या उत्तराची वाट बघी होती ती. आणि मी गप ऱ्हवलंय.’

भावाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

‘समोरच्यान वाक्य टाकल्यार गप ऱ्हवतत काय?’ त्यांनी मलाच विचारलं. आवाज चढला होता. ‘म्हायार काढल्यान तेव्हा नाय गप ऱ्हवलंय. कोणी काय टाकल्यान तरी कधी गप ऱ्हवलंय नाय. आणि तिच्यासमोर…’

त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून बसलेले नाहीत, हे खरं. खुर्ची आता टीव्हीसमोर आहे. कार्यक्रम लावून द्यायला सांगतात, आणि राजाचा प्रश्न झाला की थांबवायला सांगतात. बोरिवलीच्या जंगलात पहिल्यांदा, कॅमेऱ्याकडे पाठ करून, पेटीवाल्याला रडवणारं जे उत्तर दिलं होतं, ते त्यांना आठवायचं आहे. ते आठवलं तर आईला तेच देता येईल असं त्यांना वाटतं. मी म्हटलं, बाबा, उष्टं वाक्य चालत नाही ना? त्यावर जरा विचार करून म्हणाले, ‘तिणी माझा चालवून घेतल्यान, इतकी वर्सा.’

रोज सकाळी ते मला एक उत्तर ऐकवतात. काही चांगली असतात. परवा एक ऐकून माझ्या हातून दुधाचं पातेलं सुटता सुटता राहिलं. मी म्हटलं, ‘हेच, बाबा. हेच द्या.’ ते टीव्हीवरच्या थांबलेल्या राजाकडे बघत बसले. मग मान हलवली.

‘न्हय,’ म्हणाले. ‘ह्या तिका आवडूचा नाय.’

मी दुसरा चहा ठेवला.